आधी हाडं, मग रंग: घोड्यांच्या जाती रंगीत पेन्सिलीत

घोड्याची जात रंगावरून ओळखायची असते, असा समज फार खोलवर रुजलेला आहे. काळाकुळकुळीत असला की फ्रिझियन, पांढराशुभ्र असला की अरबी, ठिपके दिसले की ॲपलूसा. रंगीत पेन्सिलींनी काम करणाऱ्याचा हा समज आणखी घट्ट होतो, कारण डबा उघडला की समोर रंगच येतात. पण अरबी घोडा तांबडा असतो, कुमाईत (तांबूस तपकिरी अंग, काळी आयाळ) असतो आणि काळाही असतो. काळे घोडे तर कितीतरी जातींत सापडतात. जात दिसते ती हाडांच्या प्रमाणात, मान खांद्याला कशी जोडली आहे त्यात, कपाळापासून नाकापर्यंतच्या रेषेत आणि खुराच्या वर केस किती आहेत त्यात. ती प्रमाणं एखाद्या प्रदेशानं आणि त्या प्रदेशातल्या कामानं पिढ्यान्‌पिढ्या घडवलेली असतात. कुठे पाणी नव्हतं, कुठे थंडी होती, कुठे चिखलातून नांगर ओढायचा होता.

त्यामुळे जातींची चित्रमालिका करायची असेल, तर माझ्या मते एक परीक्षा प्रत्येक चित्राला लावायलाच हवी. रंगाचा एकही थर न देता नुसती बाह्यरेषा घोड्यांच्या जाणकाराला दाखवावी. त्याला जात सांगता आली तर पुढे जावं. सांगता आली नाही, तर पुढचे वीस तास रंग भरूनही ती चित्रात येणार नाही.

मोजण्यासाठी सगळ्यात सोयीचं एकक म्हणजे घोड्याचं डोकं, माथ्यापासून वरच्या ओठाच्या टोकापर्यंत. फ्रान्समध्ये लिओंला १७६१-६२ मध्ये पशुवैद्यकाची पहिली शाळा काढणाऱ्या क्लोद बूर्झलानं घोड्याचं शरीर असंच डोक्याच्या मापात मांडलं होतं. सर्वसाधारण घोडा जमिनीपासून विदर्सपर्यंत अडीच डोकी उंच आणि छातीच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या, म्हणजे मागच्या मांसल भागाच्या, टोकापर्यंत जवळपास तेवढाच लांब असतो. विदर्स म्हणजे मान संपून पाठ सुरू होते तिथला, खांद्यांच्या मधला उंचवटा. घोड्याची उंची इथपर्यंतच मोजतात, कारण डोकं सतत वरखाली होत असतं. हे अडीच डोक्यांचं माप आरंभबिंदू म्हणून घ्यायचं आणि जात त्यापासून कुठे सरकते ते पाहायचं. आइसलँडिक घोड्याचं डोकं अंगाच्या मानानं मोठं आणि पाय आखूड. अखल-टेकेचं सगळंच लांब: मान, पाठ, पाय. ओझ्याच्या शायर जातीत छातीची खोली आणि पायाच्या हाडांची जाडी इतकी असते, की डोकं मोठं असूनही लहान भासतं.

उंची हँडमध्ये सांगतात. एक हँड म्हणजे ४ इंच, १०.१६ सेंटिमीटर. इथे एक घोटाळा हमखास होतो: १४.२ ही दशांश संख्या नव्हे, ती चौदा हँड आणि दोन इंच आहे. १४.३ नंतर थेट १५ येतं. मालिकेतले घोडे एकमेकांशी खरे दिसावेत म्हणून एक हँड बरोबर एक सेंटिमीटर असं प्रमाण धरावं आणि सगळी चित्रं त्याच मापात काढावीत. १७ हँडचा शायर १७ सेंटिमीटर होतो, १४.३ चा अरबी पावणेपंधरा, १३.२ चा आइसलँडिक साडेतेरा आणि अर्जेंटिनाचा चिमुकला फालाबेला आठाच्या आत राहतो. ए-३ कागदावर शायर मावतो आणि वर आकाशही उरतं. प्रत्येक घोडा कागदभर मोठा काढण्याचा मोह आवरला, तरच ही चित्रं शेजारी लावल्यावर काही सांगतात.

संदर्भाचा फोटो इथे सगळ्यात जास्त फसवतो. मोबाइलनं दोन-तीन मीटरवरून समोरून काढलेल्या फोटोत डोकं फुगतं आणि पुठ्ठे आक्रसतात. अशा फोटोवरून काढलेला शर्यतीचा थरोब्रेड हमखास लहान मुलाच्या खेळण्यासारखा दिसतो. फोटो दहा-पंधरा मीटरवरून, लांब पल्ल्याच्या लेन्सनं, कॅमेरा घोड्याच्या छातीच्या उंचीवर धरून काढलेला हवा. कॅमेरा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असला की पाय आखूड होतात, आणि नेमक्या पायांतच निम्मी जात लपलेली असते.

पाय काढताना आणखी एक गोष्ट पक्की हवी. पुढच्या पायाचा जो गुडघा म्हणतात, ते मुळात मनगट आहे, आणि मागच्या पायाचा मागे वळलेला टोकदार सांधा ही टाच आहे. घोडा बोटाच्या टोकावर उभा असतो. खरं कोपर छातीच्या तळाला चिकटलेलं असतं आणि खरा गुडघा पोटाच्या मागच्या कडेशी. हे डोक्यात नसलं की मधले सांधे खूप वर किंवा खूप खाली पडतात आणि पाय मोडल्यासारखा वाटतो. घोट्याखालचं तिरपं हाड आणि खुराची पुढची भिंत साधारण एकाच कोनात असावी. तो कोन खुरापाशी बदलला की घोडा लंगडा दिसतो, बघणाऱ्याला कारण कळत नाही इतकंच.

चेहऱ्याच्या रेषेत तीन प्रकार लक्षात ठेवले तरी बरंच काम होतं. अरबी घोड्याची रेषा डोळ्यांच्या खाली आत वळते, अँडलूशियनसारख्या आयबेरियन, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या, घोड्यांची किंचित बाहेर फुगते, आणि थरोब्रेडची बहुधा सरळ जाते. अरबीच्या बाबतीत चित्रकार अतिरेक करतात, आणि त्याबद्दल मला खरंच तक्रार आहे. आतला बाक इतका खोल काढतात की त्या नाकातून श्वास कसा जाईल असा प्रश्न पडावा. हा घोडा अरबी द्वीपकल्पाच्या कोरड्या मुलखात लांबच्या मजला मारण्यासाठी घडला. त्याच्या रुंद नाकपुड्या, जबड्याच्या दोन हाडांमधली मोकळी जागा, कपाळाचा फुगवटा हे सगळं एकत्र काढलं तरच तो बाक शोभतो. काही अरबी घोड्यांत बरगड्यांच्या १८ ऐवजी १७ जोड्या आणि कमरेचे ६ ऐवजी ५ मणके असतात. त्यामुळे पाठ आखूड दिसते आणि शेपूट पुठ्ठ्याच्या सरळ रेषेतून वर उचललेली असते. बाक थोडा कमी पडला तरी चालेल, पाठ लांब झाली तर अरबी गेलाच.

आता मुळाकडे. आजच्या पाळीव घोड्यांचा वंश वोल्गा आणि डॉन नद्यांच्या खालच्या खोऱ्यातल्या गवताळ माळांवरून पसरला, आणि हा प्रसार इ.स.पू. २२०० च्या सुमारास झपाट्यानं झाला, हे प्राचीन हाडांमधल्या डीएनएवरून २०२१ मध्ये स्पष्ट झालं. म्हणजे शायर काय आणि अरबी काय, मुळात एकाच शाखेची लेकरं. मंगोलियाचा प्रझेवाल्स्की घोडा मात्र वेगळ्या शाखेचा. त्याच्या पेशीत ६६ गुणसूत्रं, पाळीव घोड्यात ६४. गेल्या शतकात १९६० च्या दशकाअखेर तो रानातून नाहीसा झाला होता. प्राणिसंग्रहालयांत उरलेल्यांची पैदास करून १९९२ पासून त्याला पुन्हा मंगोलियात सोडलं. मालिकेची सुरुवात याच घोड्यानं करावी असं मी सुचवेन, कारण त्याच्यात शिकण्यासारखं फार आहे. आयाळ उभी आणि आखूड, कपाळावर झुलूप नाही, मान जाड, तोंडाभोवती फिकट पिठूळ रंग, पाठीवरून गेलेली गडद रेघ आणि पायांवर पुसट पट्टे.

या रंगाला डन म्हणतात, आणि तो समजून घेतला की पेन्सिलीचं काम सोपं होतं. डन घोड्याच्या अंगावरच्या केसात रंगद्रव्य केसाच्या एकाच बाजूला साठतं, दुसरी बाजू जवळपास कोरी राहते. म्हणून अंग फिकट दिसतं. पाठीच्या रेघेतल्या केसांत मात्र रंग सगळीकडून भरलेला असतो. याचा कागदावरचा अर्थ असा: रेघ हा वेगळा काळा पट्टा नाही, तो त्याच रंगाचा पूर्ण दाट अवतार आहे. अंगाला आधी आयव्हरी, त्यावर लाइट यलो ऑकर, मग रॉ अंबर आणि थोडा वॉर्म ग्रे. रेघेच्या जागी आयव्हरी अजिबात द्यायचा नाही, तिथे रॉ अंबर आणि डार्क सेपिया थेट कोऱ्या कागदावर. असं केलं की रेघ अंगातून उगवल्यासारखी वाटते. नॉर्वेचा फ्योर्ड घोडाही याच रंगाचा. त्याच्या आयाळीच्या मधोमध गडद केस आणि दोन्ही बाजूंना फिकट. बाहेरचे फिकट केस किंचित आखूड कापतात, म्हणजे मधली गडद पट्टी कमानीसारखी वर दिसते. ती काढताना गडद केस आधी आणि फिकट नंतर असा क्रम ठेवला तर फिकट पेन्सिल गडद मेण ओढून मळते. आधी फिकट, मग गडद.

साहित्याबद्दल थोडक्यात, पण नेमकं. पेन्सिली दोन प्रकारच्या: मेणाचा बाइंडर (रंग बांधून ठेवणारा घटक) जास्त असलेल्या आणि तेलाचा. प्रिझ्माकलर प्रीमियर मऊ आणि मेणाची, झटकन दाट होते. फाबर-कास्टेलची पॉलिक्रोमोस तेलाची, जरा कडक, टोक टिकतं, १२० रंगांत मिळते. घोड्याच्या आखूड केसांसाठी मी पॉलिक्रोमोसलाच पसंती देईन आणि शेवटच्या उजळ जागांसाठी एखादी मऊ पांढरी पेन्सिल जवळ ठेवेन. मेणाच्या पेन्सिलीच्या गडद भागावर काही दिवसांनी धुरकट पांढरा थर चढतो, त्याला वॅक्स ब्लूम म्हणतात. मऊ कापडानं हलकेच पुसला की जातो. शेवटी फिक्सेटिव्हचे, म्हणजे रंग पक्का करणाऱ्या द्रवाचे, दोन पातळ फवारे मारले तर सहसा परत येत नाही. रंग निवडताना प्रकाशात टिकण्याची खूण पाहावी. गुलाबी आणि जांभळ्या छटा सगळ्यात आधी उडतात, आणि घोड्याच्या नाकपुडीत नेमकी तीच लागते.

कागद ३०० जीएसएमचा, हॉट प्रेस (दाबून गुळगुळीत केलेला), शंभर टक्के कॉटन. त्याच्या पृष्ठभागावर बारीक खरखरीतपणा असतो, टूथ म्हणतात तो. रंग त्यातच अडकतो. टूथ भरला की पुढचा थर घसरतो. म्हणून पहिले पाच-सहा थर इतक्या हलक्या हातानं द्यायचे, की पेन्सिलीचं वजन पुरेसं व्हावं. बहुतेक चित्रं बिघडतात ती इथे. घाईनं जोर दिला की कागद दुसऱ्याच थराला चकचकीत होतो आणि मग त्यावर सावली बसतच नाही. ग्रॅफाइटनं काढलेली बाह्यरेषा रंगाआधी नीडेबल इरेजरनं, म्हणजे मळता येणाऱ्या मऊ खोडरबरानं, जवळपास दिसेनाशी करावी. फिकट घोड्यात राहिलेलं ग्रॅफाइट पिवळ्या थराखाली हिरवट मळ होऊन बसतं आणि नंतर खोडता येत नाही.

अखल-टेके हा रंगीत पेन्सिलीसाठी सगळ्यात अवघड आणि सगळ्यात समाधान देणारा घोडा. तुर्कमेनिस्तानच्या काराकुम वाळवंटाच्या कडेचा. अंगावर चरबी नाही, कातडी पातळ, आयाळ विरळ, डोळा वरच्या पापणीखाली थोडा झाकल्यासारखा. १९३५ मध्ये तुर्कमेन स्वार अश्गाबातहून मॉस्कोपर्यंत सुमारे ४३०० किलोमीटर ८४ दिवसांत घोड्यांवरून गेले, त्यात या जातीनं आपला चिवटपणा दाखवला. त्याची प्रसिद्धी मात्र झळाळीमुळे. त्याच्या केसात आतला अपारदर्शक गाभा बारीक असतो आणि पारदर्शक भाग जास्त, त्यामुळे प्रकाश केसातून वाकून बाहेर येतो आणि अंग धातूसारखं चमकतं.

ही चमक सोनेरी पेन्सिलीनं येत नाही. सोनेरी पेन्सिलीतले अभ्रकाचे कण एका कोनातून चमकतात, दुसऱ्या कोनातून करडे दिसतात आणि फोटोत तर चिखलासारखे उतरतात. धातूची चमक तयार होते ती उजळ आणि गडद यांच्यामधल्या अरुंद सीमेमुळे. साध्या तांबड्या घोड्याच्या खांद्यावर उजेडातून सावलीत जायला दोन सेंटिमीटर लागत असतील, तर अखल-टेकेवर तोच प्रवास चार-पाच मिलिमीटरमध्ये संपतो. म्हणून आधी उजळ पट्ट्यांचा नकाशा काढावा: मानेच्या वरच्या कडेला एक, खांद्याच्या हाडावर एक, बरगड्यांवर अस्पष्ट, पुठ्ठ्यावर सगळ्यात मोठा. या जागांचा गाभा कोरा ठेवायचा. बाकी अंगभर क्रीमचा थर, त्यावर नेपल्स यलो, मग लाइट यलो ऑकर. सावलीत रॉ अंबर, सगळ्यात खोल जागी वॉलनट ब्राउन आणि पोटाखाली थोडा बर्न्ट ऑकर, कारण तिथे जमिनीचा उबदार उजेड परत येतो. वर आकाशाकडे तोंड असलेल्या उजळ पट्ट्यांत फिकट निळ्याचा अगदी पुसट हात. पिवळ्यावर निळा आहे हे कळता कामा नये, पण तो नसला तर चमक लोण्यासारखी मऊ पडते.

यानंतर फक्त उजळ पट्ट्या आयव्हरीनं जोर देऊन घोटायच्या, म्हणजे बर्निश करायच्या. सावली घोटायची नाही, तिथला टूथ शेवटच्या गडद रेघांसाठी हवा. आणि केस? ते सगळीकडे काढायचे नाहीत. उजेड आणि सावली जिथे भेटतात त्या कडेवर दोन-तीन मिलिमीटरच्या रेघा, केसाच्या दिशेनं, मुळापासून टोकाकडे हात उचलत. बाकी अंग गुळगुळीत राहू द्यावं. इतकी खटपट सोनेरी घोड्यासाठी, पण या जातीत काळे आणि कुमाईतही असतातच. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचं, सुवर्णपदक जिंकणारा अब्सेंत काळा होता. त्याचं चित्र काढायचं झालं तर ओळख पुन्हा हाडांवरच येऊन थांबते.

काळ्याचा विषय निघालाच आहे, तर फ्रिझियन. नेदरलँड्सच्या फ्रीसलँडचा, उंच जोडलेली मान, लाटांची दाट आयाळ, पायांवर केसांचे झुपके. १८७९ मध्ये त्याची वंशनोंदवही सुरू झाली, तरी १९१३ पर्यंत नोंदलेले तीनच वळू, म्हणजे पैदाशीचे नर, उरले होते. आज कपाळावरचा छोटा तारा सोडला तर पांढरा डाग चालत नाही, त्यामुळे हा खऱ्या अर्थानं काळ्या रंगाचा अभ्यास आहे. काळी पेन्सिल सगळ्यात शेवटी उचलायची. खाली डार्क इंडिगो, त्यावर डार्क सेपिया, पुन्हा इंडिगो, आणि मग फक्त सगळ्यात खोल जागी काळा. आकाशाकडचे भाग निळसर, जमिनीकडचे तपकिरी. फोटोत काळे घोडे नेहमी प्रमाणाबाहेर गडद येतात, म्हणून संदर्भ संगणकावर उजळून पाहावा. त्यात खांद्याचे आणि मांडीचे स्नायू सापडतात, जे नसले की घोडा कात्रीनं कापलेली सावली वाटतो. उन्हात वावरलेल्या फ्रिझियनच्या आयाळीची टोकं तांबूस होतात. तो तांबूस हात जरूर घ्यावा, रंग जिवंत होतो.

पांढऱ्याचं गणित उलटं. बहुतेक पांढरे दिसणारे घोडे जन्मतः गडद असतात आणि वयाबरोबर पांढरे होत जातात. घोडेवाले त्यांना ग्रे म्हणतात, कारण पांढऱ्या केसांखाली कातडी काळी असते. लिपिझान याचं ठळक उदाहरण. आजच्या स्लोव्हेनियातल्या लिपित्सा इथे १५८० मध्ये ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्यानं पागा उभी केली आणि स्पॅनिश घोडे आणले. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलचे पांढरे घोडे याच जातीचे. त्याचं शिंगरू काळं किंवा तपकिरी असतं.

या घोड्याचं तोंड जवळून बघावं. नाकपुडीच्या वर केस दाट आहेत, तिथे पांढरं. जसजसे ओठांकडे केस विरळ होतात तसतशी खालची काळी कातडी डोकावते आणि रंग फिकट राखाडी, मग निळसर राखाडी, ओठांवर जवळपास कोळशासारखा होतो. कुठे सीमा नाही. हे काढायला आधी एम्बॉसिंगच्या बोथट सुईनं मिशांचे लांब केस कागदात दाबून घ्यायचे, वर ट्रेसिंग पेपर ठेवून, म्हणजे कागद फाटत नाही. मग कोल्ड ग्रेच्या फिकट छटेपासून सुरुवात करून ओठांकडे एकेक छटा गडद करत यायचं. पेन्सिल आडवी धरली की दाबलेल्या खोबणीत रंग जात नाही आणि मिशा पांढऱ्या राहतात. नाकपुडीच्या आतल्या कडेला कापूत मॉर्तुमचा, म्हणजे जांभळट तपकिरीचा, थोडा हात, खोलवर डार्क सेपिया. अंगावरची पांढरी सावली एकाच करड्या पेन्सिलीनं भरली तर घोडा प्लास्टरचा होतो. पाठीकडे थंड करडा, पोटाकडे गवताचा किंवा मातीचा रंग मिसळलेला उबदार करडा. तरुण ग्रे घोड्याच्या पुठ्ठ्यावर फिकट गोल चकत्या दिसतात. चकत्या काढायच्या नसतात, त्यांच्यामधली गडद जाळी काढायची असते. ती जाळी स्नायूंवरून वळली पाहिजे, नाहीतर अंगावर नक्षीचं कापड पांघरल्यासारखं वाटतं.

याच कातडीमुळे गडद घोड्याच्या पांढऱ्या डागाच्या कडेला निळसर किनार दिसते. डागाखाली कातडी गुलाबी असते, पण कडेला पांढरे केस काळ्या कातडीवर पसरलेले असतात. मिलिमीटरभराची ती निळसर करडी किनार घेतली, की डाग चिकटवलेला वाटत नाही. रंगाचे असे नियम पाळावेच लागतात. कुमाईत घोड्याची आयाळ, शेपूट आणि पायांचे खालचे भाग काळे, अंग तांबूस तपकिरी. तांबड्या, म्हणजे चेस्टनट घोड्याची आयाळ तांबडी किंवा फिकट, काळी कधीच नाही. टायरोलच्या डोंगरांतला हाफलिंगर हा चेस्टनटच, फिकट सोनेरी आयाळीचा. तांबड्या अंगाला काळी आयाळ आणि तांबडे पाय दिले, तर असा घोडा निसर्गात सापडणार नाही.

कानांवरून जात सांगणारे घोडे म्हणजे मारवाडी आणि काठियावाडी. राजस्थानात मारवाडच्या राठोडांनी जोपासलेला एक, सौराष्ट्राच्या कोरड्या मुलखातला दुसरा. दोघांचे कान आत वळतात, काठियावाडीचे तर टोकांशी एकमेकांना टेकतात. समोरून काढताना कानाची बाहेरची कड खालच्या दोन-तृतीयांशात जवळपास सरळ वर जाते आणि वळण वरच्या भागात येतं. मुळापासूनच वळवायला सुरुवात केली की शिंगं उगवतात. कानाच्या आतले केस फिकट आणि लांब, कडा गडद. काठियावाडी काळा नसतो. त्याच्यात डन रंग वारंवार दिसतो, पायांवरच्या पट्ट्यांसह. मारवाडी घोड्यांच्या जाणकारांत केसांच्या भोवऱ्यांना फार महत्त्व आहे. घोडा कुठलाही असो, कपाळावरचा, मानेवरचा आणि कुशीतला भोवरा पाहून केसांची दिशा ठरवावी आणि जिथे नाही तिथे सोयीसाठी भोवरा काढू नये.

ॲपलूसा अमेरिकेच्या वायव्येकडच्या नेझ पर्स या मूळनिवासी लोकांनी जोपासला. १८७७ च्या युद्धानंतर त्यांचे कळप हिरावले आणि विखुरले गेले, १९३८ मध्ये जातीची संघटना उभी राहिली तेव्हा तिला नव्यानं सावरावं लागलं. ठिपके मात्र त्याहून फार जुने. फ्रान्समधल्या पेश मेर्लच्या गुहेत सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वी ठिपक्यांचे घोडे रंगवलेले आहेत. ती कल्पना की निरीक्षण, यावर बराच वाद होता. २०११ मध्ये प्राचीन घोड्यांच्या डीएनएत ठिपक्यांचं जनुक सापडलं, म्हणजे गुहेतला चित्रकार डोळ्यांसमोरचे घोडे काढत असणं अगदी शक्य आहे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ठिपक्यांचं काम करताना ठिपके आधी हलके मांडून घ्यावेत आणि पांढऱ्या अंगाच्या सावल्या त्यांच्यामधून न्याव्यात. ठिपक्याची कड केसांच्या दिशेनं फाटलेली हवी. ओठांवर आणि डोळ्याभोवती कातडी गुलाबी-काळी चितकबरी, खुरांवर उभे पट्टे, बुबुळाभोवती पांढरं. ही तीन लक्षणं घेतली तर ठिपके कमी असले तरी चालतं.

शायर, क्लाइड्सडेल, पर्शरॉन या ओझ्याच्या घोड्यांत फरक खुराजवळ दिसतो. पहिल्या दोघांच्या पायांवर केसांचे भरघोस झुपके, फ्रान्सच्या पर्श प्रांतातल्या पर्शरॉनचे पाय मोकळे. १८४६ मध्ये जन्मलेला सॅम्पसन नावाचा शायर २१ हँडच्या वर गेला होता. वरच्या प्रमाणात तो एकवीस सेंटिमीटरहून उंच काढावा लागेल. आइसलँडिकला ९८२ च्या सुमाराच्या कायद्यापासून बाहेरच्या घोड्याची सरमिसळ झालेली नाही, आणि देशाबाहेर गेलेला घोडा परत येऊ शकत नाही. त्याच्या हिवाळी अंगावर रेघा पाच-सहा मिलिमीटरच्या, झुपक्यांत, आणि बाह्यरेषा तुटक ठेवावी. थरोब्रेडचे सगळे पितृवंश बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन वळूंकडे जातात. पातळ कातडीखालच्या शिरा दाखवल्याशिवाय तो पुरा होत नाही. धावता काढायचा असेल तर जुन्या चित्रांतले पुढेमागे ताणलेले चारी पाय विसरावेत. १८७८ मध्ये छायाचित्रकार मायब्रिजच्या फोटोंनी दाखवून दिलं, की चारी खूर हवेत असतात तेव्हा पाय पोटाखाली गोळा झालेले असतात.

सगळ्यात कठीण जाती त्या, ज्यांचे चांगले फोटोच मिळत नाहीत. दख्खनच्या पठारावरचा भीमथडी घोडा तसा. भीमेच्या खोऱ्यात, मराठ्यांच्या काळात, स्थानिक तट्टांशी अरबी आणि तुर्की रक्त मिसळून घडलेला, आजही मेंढपाळांच्या तांड्याबरोबर ओझं घेऊन चालणारा. त्याचं डोकं अरबीसारखं कोरीव काढलं तर चूक, गाढवासारखं जड काढलं तरीही चूक. इथे प्रत्यक्ष मोजमापाला पर्याय नाही. घोडा सपाट जमिनीवर, चारी पायांवर सारखा भार देऊन उभा असावा. खुणा केलेली काठी विदर्सला लावून उंची घ्यावी, टेपनं डोक्याची लांबी, छातीचा घेर, पुढच्या पायाच्या गुडघ्याखालच्या नळीचा घेर आणि छातीपासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी. ओझं उतरवल्यावर मोजावं, खोगीर किंवा गोणी असताना विदर्स सापडत नाही. एका घोड्यावर जात ठरवू नये. निदान पाच-सहा प्रौढ घोडे आणि घोड्या मोजाव्यात, दोन-तीन वर्षांची शिंगरं वगळून, कारण त्यांचे पाय आधी वाढतात आणि छाती मागाहून भरते. चित्राच्या खालच्या समासात ही मापं, घोडा आहे की घोडी, अंदाजे वय, महिना आणि अंगावरचे पांढरे डाग कुठल्या पायावर किती उंचीपर्यंत आहेत, हे कडक पेन्सिलीनं लिहून ठेवावं. डावा-उजवा घोड्याच्या बाजूनं लिहायचा, बघणाऱ्याच्या बाजूनं नाही.